राखलेला हात

सिरसाट सरांच्या मुष्टियुद्धशाळेत एक रीत होती. स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभे राहण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या कपाळाला, भुवयांना आणि गालांच्या हाडांना स्वतःच्या अंगठ्याने व्हॅसलिन लावायचे. त्वचा निसरडी झाली की ठोसा घसरतो आणि कातडी फाटत नाही, एवढाच त्यातला व्यावहारिक भाग. अन्यत्र हे काम कोपऱ्यात उभा असलेला मदतनीस करतो. अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठावरील पत्र्याच्या त्या दालनात मात्र ते समोरच्यानेच करायचे, असा सरांचा दंडक होता.

“ज्याले मारायचं हाय, त्याचं कपाळ आधी हातानं वळखून घ्या,” ते म्हणत. “मंग हात शुद्धीवर राह्यते.”

आणि याच कारणाने त्या दालनात शिरस्त्राणाला प्रवेश नव्हता. सरांचे मत पक्के होते. डोक्याला गादी बांधली की मारणारा निर्धास्त होतो आणि मार खाणारा त्याहून निर्धास्त. उघड्या डोक्यासमोर हात आपोआप राखला जातो, आणि उघडे डोके आपोआप सावध राहते. या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरुषांच्या मोठ्या सामन्यांतून शिरस्त्राण काढून टाकले गेले, पुढे कितीतरी वर्षांनी स्त्रियांच्या सामन्यांतूनही गेले, तेव्हा सरांना आपले म्हणणे जगाने मान्य केल्याचे समाधान लाभले होते.

ही रीत दमयंती वानखडेने जितक्या निष्ठेने पाळली तितकी क्वचितच कोणी पाळली असेल. तिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, मितभाषी दमयंती स्वतः कधी मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. यशोधरा तायडेची जोडीदार म्हणून रोज रिंगमध्ये उभे राहणे हीच तिची नेमणूक होती, आणि हळूहळू तेच तिचे जगणे झाले होते. यशोधरा तिच्याहून पुष्कळ लहान, राष्ट्रीय विजेती. तिच्या चपळ पायांपुढे प्रतिस्पर्धी मुलींना तिच्यापर्यंत पोहोचताच येत नसे. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातून ती सरावासाठी शहरात आली ती दमयंतीच्या खोलीतच राहिली. पहाटेचा नाश्ता दमयंती करी, आणि यशोधरा त्याला नावे ठेवीत दोनदा वाढून घेई.

एका एप्रिलमधली गोष्ट. अलीकडे विदर्भात उन्हाळा असा तापू लागला होता की सकाळी अकरापासून सूर्य उतरेपर्यंत जिल्ह्यात दुपारबंदी लागू होई. रस्ते ओस पडत, सराव पहाटेच उरकावा लागे. त्या दिवशी सराव थोडा लांबला. दमयंतीचा उजवा हूक, कोपर वाकवून बाजूने येणारा तो जड ठोसा, निघाला आणि नेमकी त्याच क्षणी यशोधरा पुढे झुकली. ठोसा तिच्या डाव्या जबड्यावर बसला. तिची मान गर्रकन वळली. ती पडली नाही. दोराला टेकून उभी राहिली, हसली, आणि म्हणाली, “ताई, सकाळी आपण पोहे खाल्ले का उपमा?”

“उपमा,” दमयंती म्हणाली.

यशोधराने मान डोलावली. पाण्याचा घोट घेतला. मग तितक्याच ताज्या कुतूहलाने विचारले, “ताई, सकाळी आपण पोहे खाल्ले का उपमा?”

तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा दमयंतीने सरांना हाक मारली. सर धावत आले. त्यांनी यशोधराच्या कपाळाला हात लावला आणि अकोल्यातील कोणताही माणूस जे म्हणाला असता तेच म्हणाले, “ऊन लागलं पोरीले.” या गावात चक्कर, ओकारी, तोल जाणे, विसरणे, सगळ्यांचे कारण एकच असते आणि ते आकाशात असते. कैरीचे पन्हे आले, ओला पंचा आला. तासाभराने यशोधरा पूर्ववत झाली आणि स्वतःच सगळ्यांना सांगू लागली, “बापा, काय ऊन हाय!”

दमयंतीने तोंड उघडले होते. पण निवड चाचणी आठवड्यावर आली होती, आणि डोक्याला मार लागल्याची नोंद झाली तर नियमाने महिनाभर रिंगबाहेर बसावे लागले असते. तिने तोंड मिटले.

त्या दिवसापासून दमयंतीचा उजवा हात राखला जाऊ लागला. सर शिकवीत तसा सगळ्यांसाठी थोडा राखलेला नव्हे. एका माणसासाठी, पूर्णपणे. ठोसा निघताना पूर्वीसारखाच निघे. खांदा तसाच फिरे, टाच तशीच उचलली जाई. अखेरच्या वीतभर अंतरात मात्र मूठ सैलावे, कोपर भार गिळून टाके, आणि ग्लोव्ह गालावर असा बसे की आवाज सगळ्या दालनाला ऐकू जावा, पण मान तसूभरही हलू नये. हे कौशल्य तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिने भीतीपोटी मिळवले आणि मायेपोटी जोपासले. बघता बघता ते इतके अंगवळणी पडले की आपण ते करतो आहोत हे तिचे तिलाही जाणवेनासे झाले.

जवळजवळ दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, पुण्याहून डॉ. मृणाल सोहोनी आल्या. मेंदूच्या इजांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेने नव्या तऱ्हेचे शिरस्त्राण तयार केले होते, त्याचे नाव ‘अभय’. काही शाळांत ते वापरून पाहण्यासाठी त्या गावोगाव हिंडत होत्या.

“म्याडम, आमच्याकडं हे चालत नाही,” सरांनी दारातच सांगितले. “डोक्यावर गादी आली की पोट्टे डोकं पुढं करून मार खातात. म्या पाह्यलं हाय.”

“सर, जुन्या हेडगार्डबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मी त्याची बाजू घ्यायला आलेच नाहीये. बसू का? चहा मिळाला तर सांगते.”

सरांचा नाइलाज झाला. चहा सांगितला गेला.

डॉक्टरांनी जे समजावले ते थोडक्यात असे. मेंदू हा कवटीत द्रवामध्ये तरंगणारा अत्यंत मृदू पदार्थ आहे. मडक्यात घट्ट दही विरजावे तसा. मडके सरळ ढकलले तर दही हलते, पण त्याची कवडी मोडत नाही. तेच मडके गर्रकन फिरवून थांबवले, तर बाहेरून काही न दिसता दही आतून फाटते. डोक्याच्या बाबतीत घातक असते ती ही फिरकी. जुन्या शिरस्त्राणातली गादी भुवई वाचवते, कान वाचवते, हाडाला सांभाळते. परंतु डोके फिरायचे ते फिरतेच. उलट गादीमुळे डोक्याचा घेर वाढतो, आणि बाजूने येणाऱ्या ठोशाला धरायला अधिकच जागा मिळते.

‘अभय’ची रचना निराळी होती. त्याच्या दोन आवरणांच्या मध्ये एक विशिष्ट द्रव होता. मक्याच्या पिठाच्या दाट पाण्यात बोट हळू घातले तर बुडते, आणि जोराने मारले तर तेच पाणी दगडासारखे घट्ट लागते. हा द्रव त्याच जातीचा होता. एरवी मान मोकळी फिरे. आघात होताच मानेभोवतीचा पट्टा क्षणमात्र घट्ट होई, आणि डोक्याला बसणारी फिरकी खांद्यांकडे, छातीकडे वाहून जाई. समोर गडद काचेसारखा पारदर्शक पडदा होता. कपाळावर एक छोटा दिवा होता.

“हा दिवा कायले?” यशोधराने विचारले.

“ठोसा उघड्या डोक्यावर बसला असता तर आत काय झालं असतं, ते हा दाखवतो. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे जपा. लाल म्हणजे रिंगबाहेर नेलं असतं. आमच्या पहिल्या नमुन्यात दिवा नव्हता. खेळाडूंना काही लागेना, तर महिन्याभरात ते हात खाली सोडून खेळायला लागले. सर म्हणतात तसंच झालं. मग दिवा लावला. इजा होऊ नये, पण चूक कळावी.”

सरांनी कप खाली ठेवला. “हे आमाले पटलं,” ते म्हणाले, आणि त्यांनाच त्याचे आश्चर्य वाटलेले दिसले.

यशोधराने कुरकुरत शिरस्त्राण घातले. त्याचा पट्टा आपोआप मिटला. कोणी बांधावा लागला नाही. सेन्सर बसवलेले ग्लोव्हज दोघींनी चढवले. व्हॅसलिनची डबी खिडकीत तशीच राहिली, कारण लावायला कपाळच बाहेर नव्हते.

लढत सुरू झाली. दमयंतीचे डावे ठोसे बसले तेव्हा दिवा एकदोनदा पिवळा झाला. मग उजवा हूक गेला. दालनात खणखणीत आवाज झाला. दिवा हिरवा. पुन्हा हूक. हिरवा. घंटा झाली तेव्हा यशोधराने शिरस्त्राण काढून बगलेत मारले. तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“पाह्यलं ना म्याडम? ताईचा हूक जिल्ह्यात सगळ्यात जड. तरी हिरवा! माह्यं डोकं दगडाचं हाय.”

“दगड नाही पोरी, आत सरकी भरली हाय,” सर म्हणाले. सगळे हसले.

“मले हे नको, म्याडम. गरम होते अन् समोरचीचे डोळे नीट दिसत नाही. ऑक्टोबरात आशियाई स्पर्धेत तर उघड्यानंच खेळायचं हाय.”

डॉक्टर हसल्या नव्हत्या. त्या हातातल्या पडद्यावर काहीतरी पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

सगळे पांगल्यावर त्या कूलरपाशी उभ्या असलेल्या दमयंतीजवळ आल्या. कूलरच्या घरघरीत बोलणे दुसऱ्या कोणाला ऐकू गेले नसते.

“दमयंतीताई, एक विचारू? तुमचा उजवा हात निघतो तेव्हा त्याचा वेग फार चांगला आहे. पोहोचायच्या आत तो निम्म्याहून कमी होतो. दर वेळी. डाव्या हाताचं तसं होत नाही.”

दमयंती मनगटाची पट्टी उलगडू लागली.

“मी कोणाला सांगणार नाहीये. यंत्राला वेग कळतो, हेतू कळत नाही. तो तुमचा तुम्हालाच ठाऊक. पण हे एकदा बघा.” त्यांनी पडदा पुढे धरला. त्यावर यशोधरा होती, मंद गतीने हलणारी. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, मारून तिचा डावा हात परतत होता. तो गालापर्यंत येतच नव्हता. खांद्याशी, एखाद्या ओळखीच्या उंबऱ्यावर टेकावा तसा, निवांत टेकत होता. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू अखंड उघडी होती.

“ही सवय कधीपासूनची?” डॉक्टरांनी विचारले.

दमयंतीला उत्तर ठाऊक होते. तिने रोज समोर उभे राहून ते पाहिले होते, आणि पाहूनही तिला ते दिसले नव्हते. जिथून कधी दुखले नाही, तिथे राखण ठेवायची कशाला, असे यशोधराच्या शरीराने आपल्यापुरते ठरवून टाकले होते.

अभय देणे ही आपल्याकडे फार थोर गोष्ट मानलेली आहे, आणि ती थोर आहेच. पण ज्याला अभय दिले त्याला ते दिल्याचे ठाऊक असावे लागते. न सांगता दिलेले अभय घेणाऱ्याच्या ठायी हळूहळू अज्ञान होऊन बसते. दमयंतीने आपल्या प्रिय माणसाच्या मस्तकावर दोन वर्षे एक अदृश्य शिरस्त्राण घालून ठेवले होते. त्याला दिवा नव्हता.

“परदेशातल्या मुली उंच आहेत,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांचा हात पोहोचेल. आणि राखलेला नसेल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी दालनात आल्या तेव्हा सर अजून यायचे होते. दमयंतीने डबीत अंगठा बुडवला आणि यशोधराच्या कपाळावर टेकवला. टेकवलेला तो उचलला नाही.

“यशा, आज हेडगार्ड घाल.”

“काऊन? काल तर पाह्यलं ना.”

“काल जे पाह्यलं ते खरं नव्हतं.”

यशोधराला वाटले गंमत चालली आहे. “मंग काय, म्याडमनं हिरवा दिवाच आणलता का फक्त?”

“मी हात राखते,” दमयंती म्हणाली. “उजवा. तुले ऊन लागलं होतं ना त्या एप्रिलात, ते ऊन नव्हतं. माह्या हूकनं झालं ते. तू मले तीन वेळा विचारलं, सकाळी पोहे खाल्ले का उपमा. मी सरांना सांगतलं नाही. तवापासून माह्या हातानं तुले खरा हूक बसलाच नाही. तुह्या डाव्या हाताले म्हणून खाली राह्याची सवय लागली. तिथं स्पर्धेत कोणी...”

“थांब.” यशोधराने तिचा हात कपाळावरून बाजूला केला. “दोन वर्षं?”

“हो.”

“दोन वर्षं तू मले खेळवून राह्यली? लहान पोरीले मुद्दाम जिंकू देतात तसं?”

“तसं नाही यशा...”

“मंग कसं? मी सगळ्यांना सांगत फिरते, ताईचा हूक खाते अन् उभी राह्यते! आईले सांगतलं. पेपरवाल्याले सांगतलं!” तिचा आवाज फाटला. “ते सगळं तू बसून ऐकत होती? उपमा ढवळत?”

दमयंतीने डबी खिडकीत ठेवली.

यशोधरा ताडताड चालत गेली, कोपऱ्यातले शिरस्त्राण उचलून तिने डोक्यात घातले. पट्टा मिटला. गडद पडद्यामागे तिचे डोळे दिसेनासे झाले. ग्लोव्हज चढवून ती रिंगच्या मध्यभागी उभी राहिली. दोन्ही हात तिने मुद्दाम खाली सोडले.

“मार. आता तर काही होत नाही ना मले? मार खरा.”

दमयंतीने ग्लोव्हज घातले. हीच तर तिची इच्छा होती. काल रात्रभर तिने हेच ठरवले होते. या शिरस्त्राणाखाली यशा सुरक्षित होती. आता हात मोकळा सोडायचा, दिवा लाल होऊ द्यायचा, म्हणजे यशाचा डावा हात आपसूक वर येईल. तिने टाच उचलली, खांदा फिरवला. हात निघाला. दालनात खणखणीत आवाज झाला.

दिवा हिरवा.

“मार ना!”

पुन्हा. हिरवा. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले, दातावर दात दाबले, आणि तरीही त्या अखेरच्या वीतभर अंतरात तिचा हात तिचे न ऐकता सैलावला. दिव्याचा हिरवा उजेड यशोधराच्या ग्लोव्हजवर शांत पडून राहिला.

पडद्यामागून श्वास ऐकू येत होता. तो रागाचा होता की रडण्याचा, हे डोळे दिसल्यावाचून कळणे शक्य नव्हते.

“तुह्यानं होतच नाही,” यशोधरा शेवटी म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच दमयंतीला भीती वाटली. “मी पुण्याले जाते, म्याडम म्हणत होत्या त्या शिबिरात. म्याडमले सांगते. तिथं सगळ्या हेच घालतात अन् पूर्ण जोरानं मारतात.”

“तिथं तुह्या ओळखीचं कोण हाय?”

“कोणी नाही,” यशोधरा म्हणाली. “तेच तर पाहिजे.”

ती गेली. सरांनी कारण विचारले नाही. मोठ्या शिबिरात जाणे खेळाडूच्या हिताचेच, असे म्हणून त्यांनी स्टेशनवर निरोप दिला. दमयंती स्टेशनवर गेली नाही. खोलीवर परतली तेव्हा यशोधराच्या दोरीवर फक्त चिमटे राहिले होते.

पुढचे महिने दमयंतीने नेहमीसारखेच काढले, असे पाहणाऱ्याला वाटले असते. पहाटे उठून ती दोघींच्या मापाचे पोहे भिजवी आणि मग एकीच्या मापाचे फोडणीला टाकी; उरलेले चिमण्यांना जात. उन्हाळा आला आणि पावसाळ्यानंतरही रेंगाळला. शाळेत आता सगळ्या मुली ‘अभय’ वापरीत. सरांचाच तसा हुकूम होता. एकदा पटलेली गोष्ट अर्धवट करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दालन पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले, यात शंका नव्हती. कोणाचे डोके दुखत नसे, कोणाला ऊन लागत नसे. मुली निर्भयपणे मारीत, दिवे लाल होत, चुका कळत, खेळ सुधारे. हे सारे चांगले होते, आणि दमयंती ते चांगले मानीत होती. पण पडदे चढले की कोण कोण आहे ते उंचीवरून ओळखावे लागे. घंटा झाली की सगळ्या आपापले पट्टे आपणच उघडीत आणि आपापल्या पिशवीकडे वळत. खिडकीतल्या डबीतले व्हॅसलिन उष्णतेने पातळ होई, पुन्हा गोठे. त्यावर अंगठ्याचा शेवटचा ठसा होता तो विरून गेला.

नव्या मुलींसमोर दमयंती उभी राही तेव्हा दिवा हिरवाच राही. राखण्याची सवय एका माणसासाठी लागली होती. ती आता माणूस पाहीनाशी झाली होती. डॉ. सोहोनींना तिने एकदा फोनवर विचारले.

“स्नायूंना लागलेली सवय मनानं एकदम सुटत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुढे सांगितले, “यशोधरा ठीक आहे. पहिल्या आठवड्यात तिचा दिवा लालच असायचा. सारखा.”

“काही बोलते का?”

“कोणाशीच फारसं नाही.”

एके दिवशी सरांनी दमयंतीला बाजूला बसवले. “दमू, तू आता लहान पोरी घे. त्याहीले तुह्यासारखाच हात पाहिजे.” त्यात अपमान नव्हता, केवळ खरेपणा होता. मोठ्यांच्या रिंगमध्ये तिचा उपयोग उरला नव्हता. तिने मान डोलावली. यशोधराला तिने अधूनमधून संदेश पाठवले होते. चिंचेचे झाड तोडले, मांजरीला पिल्ले झाली, तुझी आई येऊन गेली. ते वाचले गेल्याची खूण उमटे. उत्तर येत नसे.

ऑक्टोबर आला. आशियाई स्पर्धेत यशोधराची उपांत्य फेरीची लढत भर दुपारी दिसणार होती. सरांनी आपल्या घरी मोठ्या पडद्यावर सोय केली होती आणि सगळ्या मुलींना तिथे गोळा केले होते. “चाल ना बापा,” ते दमयंतीला म्हणाले. ती हो म्हणाली आणि गेली नाही. दुपारबंदी लागण्याआधीच ती दालनात जाऊन बसली. बाहेर रस्ता निपचित पडला होता. पत्रा तापून मधूनच टणटणत होता. तिने फोन खिडकीत, व्हॅसलिनच्या डबीला टेकवून उभा केला.

पडद्यावर यशोधरा आली. उघडे डोके, आवळून बांधलेली वेणी. कोपऱ्यातल्या कोणा अनोळखी माणसाने रबरी मोजे घातलेल्या बोटांनी तिच्या कपाळावर व्हॅसलिन फासले, घाईने, भिंतीला रंग द्यावा तसे. दमयंतीने आपला अंगठा मुठीत धरला.

समोरची मुलगी खरोखरच उंच होती. पहिली फेरी पायांवरच गेली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर यशोधराने जॅब मारला, आणि त्याच क्षणी तिकडून उजवा हूक निघाला. दमयंतीने तो ठोसा निघताना पाहिला, त्यातला भार पाहिला. त्यात राखलेले काहीही नव्हते.

यशोधराचा डावा हात गालाशी होता.

ठोसा ग्लोव्हवर आदळला. ती दोन पावले मागे सरकली आणि स्थिर झाली. पुन्हा हूक आला, पुन्हा हात तिथेच होता. फेरी संपून ती स्टुलावर बसली, तोंडात पाण्याची धार सोडली गेली, आणि तेव्हाही तो डावा हात गालाजवळच होता, जणू कोणी तिथे ठेवायला सांगून गेले होते आणि न्यायला आले नव्हते.

पंचांनी विजय दुसरीला दिला, थोड्याच फरकाने. यशोधराने वाकून नमस्कार केला आणि दोरांखालून सरळ, न अडखळता बाहेर पडली. एवढे पाहून दमयंतीने फोन पालथा ठेवला.

मग ती उठली. कोपऱ्यातले एक ‘अभय’ उचलून तिने टांगलेल्या वाळूच्या बॅगेच्या वरच्या टोकाला घट्ट बसवले. पट्टा मिटला, दिवा हिरवा लागला. तिने सवयीने डबीत अंगठा बुडवला, त्या गडद पडद्यापर्यंत नेला, आणि तिथे थांबली. आत कपाळ नव्हते. अंगठा तिने पंच्याला पुसला. उजवा ग्लोव्ह चढवला, डावा चढवून त्याची चिकटपट्टी दातांनी ओढून बंद केली.

टाच उचलली गेली, खांदा फिरला, हात निघाला. त्या अखेरच्या वीतभर अंतरात तो सैलावला नाही.

बॅग साखळीसकट वर उडाली. दिवा लाल झाला.

दमयंती त्याकडे पाहत उभी राहिली. तो हात गेला नव्हता तर. इतकी वर्षे तो तिच्यापाशीच होता. फक्त समोर कोणी नसावे लागत होते. लाल उजेड पत्र्याच्या भिंतीवर मागेपुढे झुलत राहिला, आणि तो पाहायला दालनात दुसरे कोणी नव्हते.

खिडकीत फोन थरथरला. तिने ग्लोव्हच्या पाठीने तो उलटा केला. यशोधराचा संदेश होता.

“ताई, सकाळी दोन उकडलेली अंडी खाल्ली होती. इथं पोहे भेटत नाही अन् उपमाही नाही.”

दमयंतीने ते वाचले. पुन्हा वाचले. उत्तर द्यायला बोट टेकवू गेली तर काचेवर नुसता जाडजूड ग्लोव्ह फिरला आणि अक्षरे सरकून गेली. पट्टी सोडून द्यायला शेजारी कोणी उभे नव्हते. मागे बॅग अजून झुलत होती. तिने उजवे मनगट तोंडाशी नेले, चिकटपट्टीचे टोक दातांत धरले, आणि ओढू लागली.